वीतभर बुडखे

वानिया : मी जेवायला नाही उतरले, बाबा. मला फक्त एवढं सांगा, आज सकाळी अदेमारकडे तक्रार कोणी केली?

झुल्मिरा : अगं, आधी सावलीला बस तरी. गार केबिनमधून एकदम उन्हात आलीस, डोकं धरेल. हे घे, माझ्या डब्यात अंडं आहे. थंडगार झालंय, पण आपण कधी गरम खाल्लंय म्हणा.

वानिया : नको, मावशी. बाबा, मी तुम्हाला विचारतेय.

देओ : मी केली.

वानिया : तुम्ही?

देओ : मीच. दुसऱ्या कोणाचं लक्ष असतं खाली? सगळी टोळी मशीनमागून टिपरी वेचते आणि घरी जाते. मी बुडखे बघतो. आज उजाडता निलगिरीच्या बाजूला गेलो, तर एकेक बुडखा वीतभर वर. वीतभर, वानिया! मोजून बघितला. अंगठा जमिनीला आणि करंगळी टोकाला. मला वाटलं एखादी सरी असेल. बारा सऱ्या तशाच, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत.

झुल्मिरा : झालं. आता सायकल येणार.

देओ : सायकलचं नाव तरी काढलं का मी?

झुल्मिरा : काढायला कशाला लागतं, ती आपली आपणच येते. सत्त्याण्णव साली साऱ्या कारखान्यात देओक्लेसिओसारखा जमिनीलगत ऊस कोणी तोडला नाही, म्हणून कारखान्याने त्याला लाल सायकल दिली. सायकलची चाकं गंजून गेली, गोष्ट अजून चालतेय.

देओ : हस. तुझ्या नवऱ्याला, नोनातोला, मिळाली असती तर तू घरात देवाशेजारी ठेवली असतीस.

झुल्मिरा : त्याला मिळाली असती तर विकून पंखा घेतला असता मी.

वानिया : बाबा, अदेमारला नेमकं काय सांगितलंत? शब्द आठवतायत?

देओ : आठवायला काय झालं. म्हटलं, अदेमार, तू मुकादम आहेस, तूही कधीकाळी कोयता धरलास, जरा चल आणि डोळ्यांनी बघ. साखर सगळी बुडात असते, आणि तुझी मशीनवाली पोरं बूड मातीत सोडून शेंडे कारखान्याला नेतायत. शिवाय खोडवा मेला तो वेगळाच. बुडखा वर राहिला की फुटवा वरच्या डोळ्यातून येतो, हडकुळा. पुढच्या वर्षी वारं आलं की झोपला.

वानिया : आणि चालकाबद्दल?

देओ : म्हटलं, तो रात्रपाळीचा पारानाकडचा पोरगा, एवांद्रो का कोण, त्याला मशीनवरून खाली उतरवा. त्याच्या हातात मशीन द्यायचं तर माकडाच्या हातात वस्तरा काय वाईट.

वानिया : हे सगळ्यांसमोर बोललात?

देओ : हाजरीच्या वेळी. सगळी टोळी उभी होती. लपून बोलायला मी काय चोरी केलीय?

झुल्मिरा : मी ह्याचा सदरा ओढत होते गं. ओढून ओढून बटण तुटलं. हे बघ, खिशात ठेवलंय. पण हा एकदा बुडख्यावर बोलायला लागला की देव आला तरी थांबत नाही.

देओ : तू सदरा का ओढत होतीस ते मला अजून कळलेलं नाही.

वानिया : दोन वाजता नासाडी मोजायची गाडी येतेय, बाबा. आत्ता अदेमारचा निरोप आला. निलगिरीपासून टाकीपर्यंत चौकटी टाकून बघणार. बुडखे मोजणार, मागे राहिलेला ऊस तोलणार. आणि त्या सऱ्या ज्याच्या नावावर असतील त्याला आजच्या आज उतरवणार.

देओ : बरं झालं. एकाला उतरवलं की बाकीचे खाली बघायला शिकतील.

झुल्मिरा : देओ, तोंड बंद कर.

देओ : का?

झुल्मिरा : पोरीच्या तोंडाकडे बघ, आणि मग बोल.

वानिया : एवांद्रो काल तीन तास उशिरा आला. त्याची दाढ सुजली होती. संध्याकाळच्या त्या बारा सऱ्या मी काढल्या.

देओ : तू नाही काढल्यास.

वानिया : कागदावर माझं नाव आहे.

देओ : कागदाला काय कळतं. तू तसा ऊस काढणार नाहीस. तुला खाली कसं कापायचं ते मी शिकवलंय. मशीनची परीक्षा होती तेव्हा चार तास बाहेर उन्हात उभा होतो मी, आणि तो परीक्षा घेणारा बाहेर येऊन मला काय म्हणाला? म्हणाला, ह्या बाईला जमीन हाताला लागल्यासारखी कळते. मशीनमध्ये काही बिघडलं असेल. पाती झिजली असतील.

वानिया : पाती नवीन आहेत. परवाच बदलली.

देओ : मग काल अंधार पडला असेल. दिवा बंद असेल.

वानिया : चांगला उजेड होता. बाबा, मी पाती मुद्दाम वर घेतली.

देओ : मुद्दाम?

वानिया : एरवी चार बोटंच वर घेते, काल जास्त गेली. पाती वर असली की लोळलेला ऊस खालून सुटतो. मशीन त्याच्यावरून निघून जातं. मग तो तोडायला आणि गोळा करायला माणसं लागतात. बुडखेही वर राहतात, ते मला लपवता येत नाहीत. तेवढं सोडलं तर कोणाला कळत नाही.

देओ : कधीपासून करतेस हे?

वानिया : तीन आठवडे झाले.

देओ : झुल्मिरा, तुला माहीत होतं.

झुल्मिरा : मला कोणी सांगितलं नव्हतं. पण इतक्या सऱ्या वाकून काढल्यात मी, मला कळणार नाही? पोरीच्या पाळीला आमच्या पदरात ऊस पडतो, आणि पारानावाल्याच्या पाळीला आम्ही रिकाम्या हातांनी चालतो. पहिल्याच दिवशी कळलं. मी गप्प बसले. टोळीतल्या निम्म्यांना कळलंय आणि सगळे गप्प बसलेत. न बघितल्यासारखं करायचं तेवढं तुलाच जमलं नाही, मेल्या.

देओ : आणि ह्यात मी शहाणा ठरलो.

झुल्मिरा : तू कुठला शहाणा? तुला सायकल मिळाली होती.

देओ : वानिया, हे कशासाठी केलंस?

वानिया : खरंच विचारताय?

देओ : विचारतोय.

वानिया : हंगाम सुरू झाला तेव्हा वेचणाऱ्या टोळीत बावीस माणसं होती. आता चौदा उरली. अदेमारने आम्हा चालकांना सरळ सांगितलंय, ज्या आठवड्यात मागे काही उरणार नाही त्या आठवड्यात टोळीला परत गावी, मारान्यावला जाणारी बस दाखवायची. पहिल्या महिन्यात मी अगदी तुम्ही शिकवलंत तसं कापलं, जमिनीला चिकटून. मागे टिपरू पडत नव्हतं. आणि मशीनला आरसा असतो ना, मोठा, मागचं सगळं दिसतं. तुम्ही मागून येत होता. वाकत होता, पाचट उलथत होता, खाली काही नाही. दोन पावलं पुढे, परत वाकायचं, परत काही नाही. मग उभे राहिलात आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना तुम्हाला. पँटला पुसत राहिलात. दिवसभर बघितलं मी ते. दुसऱ्या दिवशी पाती वर घेतली.

देओ : म्हणजे तू मला उष्टं टाकलंस.

वानिया : बाबा!

देओ : मग त्याला काय म्हणायचं? माझ्या पोरीने मशीनवरून मागे टाकलेलं मी तीन आठवडे वाकून उचललं, आणि संध्याकाळी घरी येऊन तुलाच सांगितलं की आज बरा ऊस मिळाला. तू ताटात वाढता वाढता "हो का" म्हणालीस. भात आणि घेवडा वाढत होतीस. मला आठवतंय.

वानिया : मग काय म्हणायला हवं होतं मी?

देओ : मारान्यावातलं तिंबिरास सोडून इथे साओ पावलोत आलो, सव्वीस वर्षं झाली. कोणाचं फुकट काही घेतलं नाही.

वानिया : फुकट? तुम्ही पहाटे चार वाजता उठता. संध्याकाळी पाठ भिंतीला टेकवता येत नाही म्हणून पालथे झोपता. ह्यात फुकट काय आहे? फुकट मला मिळतंय. गार हवा, बसायला गादी, चार बटणं आणि एक दांडा. ऐंशी माणसांचं काम माझ्या बुडाखाली आहे, बाबा. ऐंशी. सकाळी बसमधून उतरले की मला ते मोजल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गल्लीत मारान्यावकडची भाड्याने राहणारी अकरा घरं होती, आता दोन उरलीत. रविवारी चर्चमध्ये बाया मला जागा करून देतात, पण शेजारी बसत नाहीत.

झुल्मिरा : मी बसते.

वानिया : तुम्ही बसता, मावशी.

झुल्मिरा : आणि तुम्ही दोघं ऐकणार असाल तर एक सांगते. मला त्या मशीनचा राग येत नाही. पहिल्या वर्षी आलं तेव्हा सगळे दगड मारायला निघाले होते, मी नाही गेले. आपण ऊस तोडायचो तेव्हा आधी फड पेटवायचे, आठवतंय? सगळ्या गावावर काळी राख पडायची. दोरीवरची चादर झटकली की काजळी. माझी धाकटी रात्ररात्र खोकायची. आता फड पेटत नाही, खोकलाही गेला. आणि नोनातो. बेचाळीस वर्षांचा होता. त्या दिवशी चौदा टन तोडला त्याने, कोणाशी तरी पैज लावून.

देओ : माझ्याशी.

झुल्मिरा : मला माहीत आहे कोणाशी. सरीच्या टोकाला जाऊन बसला, हातापायांना पेटके आले, पाणी मागितलं आणि पाणी प्यायच्या आत गेला. डॉक्टरने कागदावर लिहिलं, कारण समजलं नाही. हे मशीन पाच वर्षं आधी आलं असतं तर आज तो घरात बसून मला शिव्या देत असता. मग मी मशीनला शिव्या कशाला देऊ? पण आता हेच मशीन मला बसमध्ये बसवून परत पाठवणार, तेही खरं. दोन्ही खरं आहे, देओ. मला दोन्ही एकदम धरता येत नाहीत, म्हणून मी डबा उघडते आणि जेवते.

देओ : पैज मी लावायला नको होती.

झुल्मिरा : तू नसती लावलीस तर त्याने दुसऱ्या कोणाशी लावली असती. तो तसाच होता. पीठ घे, मांड्योकाच्या कंदाचं आहे, कालच भाजलंय.

देओ : नको.

झुल्मिरा : घे म्हणते ना. रिकाम्या पोटी माणूस मूर्खपणाच करतो. सकाळी तू कॉफीशिवाय काही घेतलं नव्हतंस, मी बघितलं.

वानिया : मी अदेमारकडे जाते. सांगते त्याला, माझी चूक झाली. दांडा चुकून वर राहिला म्हणते.

देओ : बारा सऱ्या चुकून?

झुल्मिरा : त्यापेक्षा पारानावाल्याच्या माथी जाऊ दे. सुरुवात तर त्याच्या पाळीतच व्हायची होती ना? दाढ सुजली नसती तर ह्या सऱ्या त्याच्याच होत्या.

वानिया : त्याची बायको आठव्या महिन्यात आहे, मावशी. आणि कागद कुठे जाईल?

झुल्मिरा : मी आपलं बोलून बघितलं. मनात येतं ते बोलून टाकलं की बरं वाटतं.

देओ : उतरवलं तर तुला काय करायला लावतील?

वानिया : दुसऱ्या कारखान्यात कोणी घेणार नाही. सगळे एकमेकांना फोन करतात. बाईला मशीन दिलं, बघा काय झालं, असं म्हणतील. माझ्यामागे परीक्षेला बसलेल्या तीन पोरी आहेत. त्यांचंही जाईल.

देओ : तू अकरा वर्षांची होतीस. मला डबा घेऊन फडात आलीस, आणि मी जेवत होतो तेवढ्यात माझा कोयता उचलून चार ऊस तोडलेस.

वानिया : पाच.

देओ : पाच तर पाच. सगळे हसले, म्हणाले, देओची पोरगी आहे, हात बघा. मी येऊन तुझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि सगळ्यांसमोर तुझ्या कानफटात मारली. तुझ्या आईलाही आश्चर्य वाटलं, मी कधी मारत नसे.

वानिया : मला वाटलं कोयता खराब केला म्हणून मारलंत.

देओ : छान तोडले होतेस, म्हणून मारलं.

झुल्मिरा : बाई गं. हे मला आजवर सांगितलं नव्हतंस.

देओ : आता किती वाजले?

वानिया : अकरा वाजून गेले.

देओ : म्हणजे तीन तास आहेत. तीनला थोडे कमी. वानिया, त्या बारा सऱ्यांतला लोळलेला ऊस टोळीने सकाळीच उचललाय. नुसते बुडखे राहिलेत.

वानिया : हो.

देओ : बुडखे छाटता येतात.

वानिया : बाबा, नाही.

देओ : पूर्वी खोडव्याला छाटायचोच आम्ही. ऊस गेला की मागून एक माणूस फक्त बुडखे सारखे करत जायचा, जमिनीबरोबर. ते काम मला यायचं. अजून येईल.

वानिया : तुमचा हात मिटत नाही. काल रात्री चमचा पडला तुमच्या हातातून, दोनदा. मी बघितलं नाही असं दाखवलं.

देओ : तू बरंच बघत नाहीस हल्ली. झुल्मिरा, तुझ्या डोक्याचा फडका दे.

झुल्मिरा : कशाला?

देओ : कोयता हाताला बांधायला. बोटं मिटत नाहीत तर फडका मिटेल.

झुल्मिरा : एकटा बारा सऱ्या छाटणार तू? टाकीपर्यंत पोचशील तेव्हा उद्या उजाडेल. त्यापेक्षा नोनातोसारखा आधीच मर.

देओ : जेवढ्या होतील तेवढ्या. कडेच्या तर होतील. चौकट कडेलाच टाकतात, आत चालायचा त्यांना कंटाळा असतो.

झुल्मिरा : फडका देते. पण आधी मला एक सांग. बुडखे छाटून झाले, गाडीवाल्यांना सगळं साफ दिसलं, मागे ऊस नाही आणि बुडखा नाही. मग ते काय म्हणतील?

देओ : म्हणतील चालक चांगली आहे.

झुल्मिरा : आणि टोळीबद्दल?

देओ : झुल्मिरा, तुला माहीत आहे ते काय म्हणतील.

झुल्मिरा : मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. सकाळी मोठ्या आवाजात बोललास, आता तेवढंच जरा हळू बोल.

देओ : म्हणतील टोळीची गरज नाही. मी तुम्हा कोणाला बोलावत नाहीये. माझी चूक आहे, मी छाटतो. तुम्ही इथे सावलीत बसा.

झुल्मिरा : बसा म्हणे. चौदातला तू एक गेलास की तेरा माणसं सावलीत बसून तुझी मजा बघणार? थांब, मी त्यांना विचारून येते. जबरदस्ती कोणावर करायची नाही. फोनसेकाला दोन लहान पोरं आहेत, तो नाही म्हणाला तर त्याला कोणी काही बोलायचं नाही, तूही नाही.

देओ : मी कशाला बोलू.

वानिया : मावशी, नका जाऊ. मी कबूल करते. मला उतरवू देत. मी पुन्हा ऊस तोडेन.

झुल्मिरा : कुठे तोडशील? दगडाच्या उतारावर? तेवढाच ऊस ठेवलाय आता माणसांना, जिथे मशीन घसरतं. आणि तुझ्या बापाने कानफटात मारली ती वाया घालवतेस? गप्प बस. हा घे फडका, देओ. घामाने भिजलाय, घट्ट बसेल.

देओ : वानिया, तू बांध. मला एका हाताने गाठ येत नाही.

वानिया : दुखतंय का?

देओ : अजून ओढ. अजून. हां. आता वर जा आणि कामाला लाग. तू इथे उभी राहिलीस तर लोक विचारतील. आणि आज दुपारपासून पाती खाली घ्यायची. माझा कोयता लागायचा तशी जमिनीला लागली पाहिजेत.

वानिया : खाली घेतली तर मागे काहीच उरणार नाही, बाबा.

देओ : नाही उरलं तर नाही. जा. आणि सारखी आरशात बघत बसू नकोस, मशीन वाकडं जातं.

(साडेतीन वाजले आहेत. मोजणीची गाडी येऊन गेली. निलगिरीखाली पाचटावर देओ डोळे मिटून पडला आहे.)

वानिया : मावशी, हलत का नाहीत ते?

झुल्मिरा : हळू बोल. झोपलाय. छाती बघ, हलतेय. मीही मघाशी तीनदा बघितली.

वानिया : गाडीवाले काय म्हणाले? मला अदेमारने नुसता अंगठा वर करून दाखवला.

झुल्मिरा : सात चौकटी टाकल्या. चार कडेला, दोन मध्ये, आणि एक अगदी टाकीजवळ. टाकीजवळच्या दोन सऱ्या राहिल्या होत्या आमच्या. पण चौकट तिसऱ्या सरीत पडली. देव कधीकधी आपल्याकडे बघतो, अर्धा डोळा उघडून.

वानिया : आणि कोयत्याने छाटलेलं ओळखलं नाही त्यांनी? मशीनचा काप वेगळा दिसतो. चिरफाळलेला असतो.

झुल्मिरा : गाडीतल्या साहेबाने नाही ओळखलं. त्याचे बूट नवे होते. अदेमारने ओळखलं. वाकला, एका बुडख्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला, मग माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षं तोडलंय त्याने आमच्याबरोबर, त्याला देओचा काप कळणार नाही? तिरका असतो, गुळगुळीत. मी त्याच्याकडे बघतच राहिले, म्हटलं बोल, काय बोलायचं ते. तो साहेबाला म्हणाला, लिहा, नासाडी नाही.

वानिया : अदेमार म्हणाला असं?

झुल्मिरा : अदेमार म्हणाला. आणि मग साहेबाने लिहिलं आणि विचारलं, चालक कोण? तुझं नाव सांगितलं. साहेब म्हणाला, शाबास, बाई असून. मग वहीचं पान उलटलं आणि म्हणाला, मागे काहीच राहत नसेल तर ही टोळी कशाला पोसताय?

वानिया : कधी?

झुल्मिरा : शनिवारी बस. चौदाही जण.

वानिया : मावशी.

झुल्मिरा : रडू नकोस, लोक बघतायत. मला काय आज कळलं का? फडका काढून दिला तेव्हाच कळलं होतं.

वानिया : किती जण आले होते छाटायला?

झुल्मिरा : अकरा. दोघे नाही म्हणाले आणि फोनसेका. त्यांचं बरोबरच आहे. पण फोनसेका शेवटी पाणी घेऊन आला, कोयता नाही, पाण्याचा कॅन. प्रत्येकाला पाणी दिलं आणि परत जाऊन बसला. कोणी काही बोललं नाही.

वानिया : तुम्ही आता काय करणार?

झुल्मिरा : बहिणीकडे जाईन, बाबासूच्या ताडाची फळं फोडीन. लहानपणी तेच करायचे. कुऱ्हाडीची धार वर, त्यावर फळ, आणि वरून दांडक्याचा घाव. त्याचं मशीन काढलंय म्हणतात, पण ते आतला गर कुटून टाकतं. तोवर माझी सोय आहे. ते नीट चालायला लागलं की बघू.

वानिया : माझ्याकडे राहा ना. जागा आहे.

झुल्मिरा : आणि तुझ्या बापाबरोबर दिवसभर बसून सायकल ऐकू? शनिवारी बसवर ये मात्र. काहीतरी गरम आण डब्यात. एकदा तरी गरम खाऊन बघते.

वानिया : आणेन. हे काय, कोयता अजून हातातच आहे?

झुल्मिरा : गाठ मी सोडली. बोटं उघडेनात. मिटत नव्हती ना, आता मिटली ती उघडत नाहीत. तो म्हणाला राहू दे, मग झोपला.

वानिया : एकेक करून उघडते.

झुल्मिरा : करंगळीपासून सुरू कर. हां, हळू. मी बसकडे जाते, जागा धरून ठेवते. त्याला घाई करू नकोस.

देओ : झुल्मिरा गेली?

वानिया : जागे आहात तुम्ही?

देओ : तिने शनिवारचं सांगितलं तेव्हा जाग आली. मग झोपूनच राहिलो.

वानिया : आता कसं वाटतंय? डॉक्टरकडे जायचं का?

देओ : डॉक्टर म्हणेल, कारण समजत नाही. टाकीजवळच्या दोन सऱ्या राहिल्या ना?

वानिया : त्या नाही मोजल्या त्यांनी.

देओ : मोजल्या नाहीत तरी राहिल्याच. उद्या त्या कोणी बघितल्या म्हणजे?

वानिया : मी उद्या मशीन त्यांच्यावरून परत नेते. पाती अगदी खाली घेऊन. हे मधलं बोट दुखतंय?

देओ : नाही, ते झोपलंय. दुपारी कापलेलं बघितलं मी तुझं. पलीकडच्या फडातलं. चांगलं कापलंस.

वानिया : तुमच्याइतकं खाली नाही गेलं.

देओ : नाही गेलं, पण जाईल. ह्या हंगामाच्या शेवटापर्यंत जाईल. अंगठा राहू दे, तो मी उघडतो. आरशात बघितलंस ना?

वानिया : नाही, बाबा.

देओ : मग मशीन तीनदा थांबलं कशाला?